तिकीट खिडकी कुणाच्या हातात?

चीनला एकट्याने जायचं ठरवलेला मराठी माणूस चार ठिकाणी चौकशी करतो, तेव्हा एक प्रश्न हटकून येतो : अजून टुरिस्ट पोचले नाहीत असं एखादं गाव सांगा ना. भिंत आणि मातीचे सैनिक सगळेच बघून येतात. याला नैऋत्य चीनमधल्या ग्वेइझोउ प्रांताच्या डोंगरातली मियाओ लोकांची लाकडी घरं हवी असतात, शेजारच्या युन्नान प्रांतातले दाय, बाय, नाशी लोक भेटायला हवे असतात, आणि तेही 'अस्सल'. माझं म्हणणं, हा प्रश्न टाकूनच द्यावा. तो भाबडा आहे इतकंच असतं तर चाललं असतं, पण त्याच्या नादात जे विचारायला हवं ते राहून जातं. गावाच्या तोंडाशी तिकीट खिडकी आहे, ती कुणाच्या हातात आहे? पैसे कुठे जातात, आणि आज नाच होणार की नाही हे कोण ठरवतं?

आधी थोडी पार्श्वभूमी. चीन सरकार बहुसंख्य हान धरून ५६ समाज मानतं. हान वगळता उरलेले ५५ म्हणजे २०२० च्या जनगणनेनुसार साधारण साडेबारा कोटी माणसं, लोकसंख्येच्या ८.८९ टक्के. ही ५६ ची यादी आभाळातून पडलेली नाही. १९५३ च्या जनगणनेत लोकांना आपापलं नाव सांगायला सांगितलं, तर चारशेच्या वर नावं जमा झाली. मग संशोधकांची पथकं गावोगाव फिरली, नावांची गाठोडी बांधली गेली, आणि शेवटचं गाठोडं, जिनुओ लोकांचं, १९७९ मध्ये मान्य झालं. काही माणसं कुठल्याच गाठोड्यात नीट बसली नाहीत. लुगू सरोवराच्या काठचे मोसुओ युन्नानच्या बाजूला नाशींमध्ये मोडतात आणि पलीकडे सिच्वान प्रांतात मंगोलांमध्ये. सरोवर एक, आत्या-मावश्या त्याच, सरकारी कागदावर समाज दोन. पुढे हीच कागदावरची नावं पर्यटनाच्या फलकांवर चढली. त्यामुळे फलकावर जे लिहिलंय तेच त्या माणसांचं घरचं नाव असेल असं समजू नये.

आता ते 'कुणी न पाहिलेलं गाव'. ग्वेइझोउच्या बहुतेक खेड्यांपर्यंत आज सिमेंटचा रस्ता गेलाय, फोनला रेंज असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या गावांतली तरणी माणसं गेली तीसेक वर्षं किनाऱ्यावरच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या कारखान्यांत कामाला जातायत. जिच्या डोक्यावरच्या चांदीच्या मुकुटाचा फोटो काढून तुम्ही 'काळ थांबलेलं गाव' असं लिहिणार, तिची मुलगी कुठेतरी मोबाइलचे सुटे भाग जोडत असते आणि रात्री व्हिडिओ कॉलवर आपल्या मुलाचा अभ्यास घेते. जग त्या गावात पोचलेलं नाही अशी समजूत फक्त पाहुण्याची असते. आणि खरोखरच एखाद्या वाडीत पाहुण्यांची कसलीच सोय नसेल, तर तिथे अवचित जाऊन कुणाच्या तरी घरात पथारी पसरणं म्हणजे त्या घरावर बोजा टाकणं. त्याला कुणी साहस म्हणतात. मी म्हणत नाही.

दुसरी तक्रार असते ती 'सगळं नाटकी झालंय' अशी. रोज अकरा वाजता नाच, पाचला पुन्हा तोच नाच. नाटकी तर आहेच. पण सणाचा नाच रोजगार झाला म्हणून तो खोटा झाला, असं म्हणायला आपल्याला तोंड नाही. आपले तमासगीर, दशावतारी, वासुदेव याच वाटेने जगले. पोटासाठी केलेली कला खोटी, हा निकष मुंबई-पुण्यातल्या पगारदाराने ग्वेइझोउतल्या काईली शहराजवळच्या शेतकऱ्याला लावायचा, हे मला पटत नाही. खरा फरक दुसरीकडे आहे, आणि तो बघायला ग्वेइझोउमध्ये काही किलोमीटरचं अंतर पुरतं.

लेइशान तालुक्यात लांगदे नावाचं मियाओ गाव आहे. मधोमध चौक, कांस्याच्या ढोलावर असतात तशा वर्तुळांच्या नक्षीत गोटे बसवलेला. १९८० च्या दशकात इथे पाहुणे यायला लागले तेव्हा गावाने एक जुनीच पद्धत बाहेर काढली : कम्यूनच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या, काळातले श्रमाचे गुण. शेतावर जेवढं काम तेवढे गुण, तसंच इथे कार्यक्रमाला जो हजर राहील त्याच्या नावावर गुण. पूर्ण चांदीचा साज घालून आलेल्या बाईला जास्त, साध्या पोशाखाला कमी, बांबूच्या नळ्यांचं लुशंग हे वाद्य वाजवणाऱ्याला वेगळे. म्हातारी माणसं नुसती येऊन उभी राहिली तरी त्यांचा वाटा, पोरांचाही वाटा. मग झालेल्या कमाईतून गावाच्या खर्चाचा भाग बाजूला काढायचा आणि उरलेले पैसे गुणांप्रमाणे वाटायचे. बाहेरच्या तज्ज्ञांनी याला नावं ठेवली : स्टेजवर नको तेवढी माणसं, निम्म्यांना नाचता येत नाही, कार्यक्रमात शिस्त नाही. तसं असेलही. मला मात्र नाचता न येणाऱ्या आजीला मिळणारा तो वाटा ही या पद्धतीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. पाहुणे आल्याचा त्रास सगळ्या गावाला, तर पैसाही सगळ्या गावाला, इतकं साधं गणित.

तिथून जवळच शीज्यांग, 'हजार घरांचं मियाओ गाव'. २००८ मध्ये प्रांताची पर्यटन परिषद इथे भरली आणि गाव पालटलं. फाटक, पार्किंग, बॅटरीवरच्या गाड्या, रात्री डोंगरभर दिव्यांची रोषणाई. चालवते सरकारी कंपनी. घर जुन्या लाकडी पद्धतीने जपलं तर तिकिटाच्या उत्पन्नातला एक हिस्सा त्या त्या कुटुंबाला मिळतो, हे नमूद करायला हवं. गावाला काहीच मिळत नाही असं नाही. पण कितीला तिकीट, किती गाड्या आत, कुणाच्या दारावरून रस्ता, यातलं गाव काय ठरवतं? मुख्य रस्त्यावर घर असेल तर दुकान भाड्याने देऊन चांगली कमाई होते. वरच्या आळीतला माणूस आपल्या घराचे दिवे खालच्या गर्दीच्या फोटोत पाठवतो आणि लाकूड कुजलं तरी सिमेंट लावायला परवानगी मागत बसतो.

युन्नानच्या दक्षिणेला शिश्वांगबान्नामध्ये तर पाच दाय गावं एका कुंपणात घालून १९९९ मध्ये त्यांची बाग केली गेली. माणसं तिथेच राहतात, त्यांची घरं हेच प्रदर्शन. एप्रिलमधला पाणी उडवण्याचा सण या बागेत रोज दुपारी होतो. घर बांधायचं कसं यावरून कंपनी आणि गावकऱ्यांची वर्षानुवर्षं धुसफूस चालली, आणि यात नवल काहीच नाही. आपल्या घराला गच्ची हवी की कौलं, हे दुसऱ्या कुणी ठरवलं तर आपण काय केलं असतं?

याच्या उलट लुगू सरोवरावरचं लुओशुई. होडी वल्हवायची, घोडा धरायचा, रात्री शेकोटीभोवती नाचायचं, ही कामं गावाने घरटी एक माणूस अशी पाळीने वाटून घेतली आणि पैसे सारखे वाटले. त्याच गावाने 'बायकांचं राज्य' या जाहिरातीचा त्रासही भोगला. मोसुओंमध्ये मुलं आईच्या घरी वाढतात, मामा जबाबदारी घेतो, पुरुष रात्री जोडीदारणीकडे जाऊन सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. एवढ्यावर पुरुष पर्यटकांच्या टोळ्यांनी काय काय कल्पना केल्या आणि बाहेरून आलेल्या धंदेवाल्यांनी मोसुओ पोशाख घालून त्या कशा पुरवल्या, हे २००० च्या दशकात चीनभर गाजलं. लुगूला जाणाऱ्यांनी हा विषय विनोदाला घेऊ नये. एवढं सांगावं लागतं, याचीच लाज वाटते.

मग एकट्या प्रवाशाने काय मोठं केलं? इथे मला आपल्याच जातकुळीच्या लोकांविषयी कडू बोलायचंय. ग्रूपने येणाऱ्यांना हसायचं आणि स्वतः फाटक चुकवून मागच्या पायवाटेने फुकट आत शिरायचं, वर ती 'ट्रिक' इंटरनेटवर सांगायची, ही खोड जगभरच्या पाठपिशवीवाल्यांत आहे. शीज्यांगसारख्या ठिकाणीही तिकिटातला थोडा भाग घराघरात जातो. तो बुडवून तुम्ही कंपनीला धडा शिकवत नाही, वरच्या आळीतल्या त्या माणसाचे पैसे बुडवता. एकट्याने जाण्यात आपोआप काही पुण्य नाही.

तरीही मी एकट्या-दुकट्याने जाण्याच्याच बाजूचा आहे, आणि कारण पैशाच्या वाटेचंच आहे. युन्नानमध्ये स्वस्त सहलींचा धंदा इतका माजला होता की खर्चापेक्षा कमी दरात माणसं न्यायची आणि जेड-चांदीच्या दुकानांत कोंडून दलाली काढायची. २०१७ मध्ये प्रांताला २२ कलमी नियमावली काढून सक्तीच्या खरेदीवर बंदी आणावी लागली. आपल्याकडच्या सहलींची तऱ्हा वेगळी, पण परिणाम तोच. सोबत महाराज, मसाले, थेपल्यांचे डबे. शहरातलं हॉटेल, गावात दोन तास, फोटो, परत बस. गावाच्या चुलीपर्यंत यातला छदामही पोचत नाही. रात्री राहणारा माणूस मात्र खोलीचे, जेवणाचे, हमालाचे, भाजीचे पैसे तिथेच देतो. शिवाय शेवटची बस गेल्यावर गाव गावासारखं वागायला लागतं.

ग्वेइझोउतल्या झाओशिंगला, दोंग लोकांच्या पाच ढोल-मनोऱ्यांच्या गावात, सकाळी लवकर ठक ठक असा आवाज सुरू होतो. दगडावर कापड ठेवून बायका लाकडी मोगरीने बडवत असतात. निळीत पुन्हा पुन्हा बुडवलेलं, अंड्याचा पांढरा बलक आणि जनावराच्या कातड्याचा डिंक दिलेलं ते कापड बडवून बडवून धातूसारखं चमकायला लागतं. कुणासाठी कार्यक्रम नाही. कापड पुरं व्हायला हवं म्हणून. झाओशिंगही तिकिटाचंच गाव आहे, हे लक्षात घ्या. तिकीट असलेल्या गावातही हे चालू असतं, फक्त दुपारी एक ते तीन येणाऱ्याला ते भेटत नाही.

राहायचं कुणाकडे, हे मात्र डोळे उघडे ठेवून ठरवावं. युन्नानमधल्या लिज्यांगच्या जुन्या शहरात आता बहुतेक वाडे बाहेरच्या प्रांतांतून आलेल्या व्यावसायिकांनी भाड्याने घेऊन लॉज केलेत. नाशी मालक नव्या वस्तीत राहायला गेलेत. १९९६ च्या भूकंपानंतर, १९९७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं आणि भाडी चढली, तेव्हापासूनची ही गोष्ट. मालक कुठला, हे सरळ विचारावं. चीनमध्ये 'तुमचं मूळ गाव कुठलं' हा प्रश्न कुणालाच खटकत नाही. ग्वेइझोउशेजारच्या ग्वांग्शी प्रदेशातल्या लोंगजीच्या पायऱ्यांच्या शेतांत दाझाई नावाचं लाल याओ लोकांचं गाव आहे. तिथे भातशेती चालू ठेवणाऱ्या कुटुंबांना पर्यटनाच्या कमाईतून वर्षअखेरीला शेताच्या प्रमाणात वाटा मिळतो, म्हणून शेतं ओस पडली नाहीत. त्या गावात गाडी जात नाही. खाली उतरलात की वेताच्या पाठटोपल्या घेतलेल्या बायका समोर येतात. तुमची बॅग टोपलीत उभी घालून, दोरीने आवळून, साठीच्या घरातली बाई दगडी पायऱ्या तुमच्यापुढे चढून जाते आणि वळणावर तुमची वाट बघत थांबते. आपण धडधाकट असताना म्हातारीकडून ओझं वाहून घ्यायचं, याचा संकोच वाटतो. वाटू दे, पण तिचा रोजगार नाकारू नका. आधी दर ठरवा आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या.

आता अवघड भाग. तिबेट स्वायत्त प्रदेशात परदेशी माणसाला एकट्याने फिरताच येत नाही. एजन्सीमार्फत परवाना आणि सोबत गाइड लागतो. कैलास मानसरोवर यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही ठरलेल्या वाटेनेच. वायव्येकडच्या शिंज्यांगला जाता येतं, पण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात तिथल्या उइगुर मुसलमानांच्या स्थानबद्धतेबद्दल ती मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांपर्यंत जाऊ शकते असं म्हटलंय. मग चीनमध्ये जावंच का, असा सवाल रास्त आहे. बहिष्कार घालणाऱ्याशी मी भांडणार नाही. मला इतकंच वाटतं की दाझाईच्या टोपलीवालीला आपल्या बहिष्काराने फक्त एक खेप कमी मिळते. शिंज्यांगला हौसेची सहल काढावी असं मात्र मला वाटत नाही, कारण तिथे तुमच्याशी मोकळं बोलण्याची किंमत तुम्ही देत नाही, बोलणारा देतो. तिबेटी वस्ती पाहायची असेल तर पश्चिम सिच्वान, छिंगहाई, गान्सूमधले भाग एरवी परवान्याविना खुले असतात. मार्च महिना आणि संवेदनशील तारखा टाळा.

हे भान इतरत्रही हवं. परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांत पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेल ती स्वतःच करतं. कुणाच्या घरी राहिलात तर तुम्हाला किंवा यजमानाला करावी लागते. म्हणजे तुमच्या पासपोर्टशेजारी त्याचं नाव लागतं. जेवताना त्याला दलाई लामा किंवा कम्युनिस्ट पक्षाबद्दल छेडून आपण फार धीट प्रश्न विचारला असं वाटून घेऊ नका. शेती, लग्नाचा खर्च, मुलाची शाळा, ग्वांगदोंगमधली मजुरी यावर लोक भरभरून बोलतात, आणि ऐकणाऱ्याला त्यात राजकारणही कळतं. वेशभूषा, गाणी, खाणं यांचं सरकारला भारी कौतुक. भाषा, जमीन, धर्म हे विषय आले की कौतुक आटतं. हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. शाळेत कोणती भाषा चालते एवढं विचारलं तरी पुरे.

छोट्या लॉजवाल्यांना परदेशी नोंदणीची रीत ठाऊक नसते म्हणून ते कधी कधी नाही म्हणतात. परदेशी पाहुण्याला असं परतवू नये असं २०२४ मध्ये वरून सांगितलं गेलंय, तरी आधी फोन करवून घेणं बरं. पैशाचं म्हणाल तर भाजीवालीच्या गळ्यातही क्यूआर कोड असतो. अलीपे किंवा वीचॅटला आपलं व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं, पण निघण्याआधी बँकेत कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. आपल्याकडे ते मुळात बंद असतात. यूपीआयवर विसंबू नका, थोडी रोकड ठेवा. गूगल, व्हॉट्सॲप तिथल्या नेटवर चालत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर सहसा चालतं. भाषांतराचं ॲप इथूनच उतरवून न्या. ते मँडरिनपुरतं आहे, मियाओ आजीपुढे ते मुकं होतं. तिथे शाळेतलं नातवंड कामाला येतं.

शाकाहाऱ्यांनी 'मी मांस खात नाही, डुकराची चरबीही नको' असं चिनी लिपीत लिहून घ्यावं, कारण भाजी नुसती मागितली तरी ती चरबीत परतलेली येते. भात, टोफू, वांगी, पालेभाज्या सगळीकडे मिळतात. दोंगांकडचा 'तेल-चहा' जरूर चाखा, मात्र तेल कसलं ते विचारून : परतलेल्या चहाच्या पानांचा काढा, त्यात फुलवलेला भात आणि शेंगदाणे, गरम चहा ओतलेला चिवडाच म्हणा. मियाओ गावाच्या वेशीवर भाताच्या दारूचं शिंग पुढे येतं. शिंगाला हात लावलात तर ते अख्खं तुमच्या वाट्याला. हात मागे बांधा, ओठ टेकवा, पुढे सरका.

खरेदीत मी जरा कर्मठ आहे. शीज्यांगच्या दुकानांतली 'मियाओ चांदी' बहुतेक वेळा पांढऱ्या धातूचं मिश्रण असते. खरी हवी तर सोनारासमोर घडताना बघून घ्या. आणि जुने भरतकाम केलेले अंगरखे, पोराला पाठीशी बांधायच्या झोळ्या विकत घेऊ नका. ग्वेइझोउतल्या शिदोंगकडे रेशमाचा एक धागा सोलून त्याचे कितीतरी पदर काढतात, शेंगेच्या चिकातून ओढून गुळगुळीत करतात आणि मग टाका घालतात. एक अंगरखा व्हायला वर्षं जातात. दलालांनी गावोगावच्या पेट्या अशाच रिकाम्या केल्या. नवं विणलेलं घ्या, सांगेल त्या भावाला घ्या. आजीचा अंगरखा नातीला राहू दे.

जायला सोपी वाट : ऑक्टोबर २०२५ पासून कोलकाता ते ग्वांगझोउ थेट विमान पुन्हा सुरू झालंय. तिथून २०१४ मध्ये झालेल्या ग्वेयांगच्या (ग्वेइझोउची राजधानी) वेगवान रेल्वेवर आधी ग्वेलिन (लोंगजीसाठी), पुढे त्सोंगज्यांग (झाओशिंगसाठी) अशी स्थानकं ओळीने लागतात. रेल्वेचं तिकीट म्हणजे तुमचा पासपोर्टच, तो खिशात हवा. लोंगजीच्या शेतांत पाणी मे-जूनमध्ये, भात पिकतो सप्टेंबरअखेर. पण १ ते ७ ऑक्टोबर चीनला राष्ट्रीय सुटी असते. त्या आठवड्यात निम्मा देश रस्त्यावर असतो. एक तर आधी जाऊन या, नाहीतर गर्दी ओसरल्यावर दहा तारखेनंतर निघा.